छातीसाठी वजन जड घ्यावे की हलके?



मृगाच्या तोंडावर एका शेतकरी घरातला वाद आमच्या कानावर आला. वाद जमिनीचा नव्हता, की लग्नाचाही नव्हता. तो होता लोखंडाचा. घरातला वीस वर्षांचा मुलगा आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या गावी व्यायामशाळेत जातो. तिथल्या मित्रांनी त्याला सांगितले, "छाती हवी असेल तर दांडीवर जड वजन चढव. हलक्या वजनाने नुसता घाम येतो." मुलाने वजन चढवले. दोन महिन्यांत त्याचा उजवा खांदा दुखू लागला. तरीही त्याचे मन त्यातच होते. तो वडिलांना म्हणाला, "बाबा, घरीच लोखंडी वजनांचा संच घेऊ या. बियाण्याला ठेवलेल्या पैशांतून थोडे द्या. सुगीनंतर मी ते भरून काढतो."

वडील तरुणपणी तालमीत गेलेले. ते म्हणाले, "अरे, आम्ही जोर काढले नि बैठका मारल्या. लोखंड कुणी पाहिले होते? आणि हा खांदा घेऊन लावणीला कसा उभा राहणार तू?"

मुलगा म्हणाला, "तुमच्या वेळी शास्त्र कुठे होते, बाबा? जड वजनाशिवाय स्नायू वाढत नाही."

या दोघांत बरोबर कोण? प्रश्न एका घरापुरता नाही. आज गावोगावी व्यायामशाळा निघाल्या आहेत, आणि आपली मुले तिथे जातात ही चांगलीच गोष्ट आहे. पण चुकीच्या समजुतीपायी खांदा दुखावला किंवा कष्टाचा पैसा नको तिथे गेला, तर त्या चांगल्या गोष्टीचेच नुकसान होते. म्हणून या धड्यात आपण हा एकच प्रश्न नीट समजून घेऊ.

१. छातीचा स्नायू करतो तरी काय?

छातीच्या दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराचा एक मोठा स्नायू असतो. त्याचे एक टोक गळ्याजवळच्या हाडाला, छातीच्या मधल्या हाडाला आणि वरच्या बरगड्यांना चिकटलेले असते. तिथून तो निमुळता होत जातो आणि त्याचे दुसरे टोक दंडाच्या हाडाला, खांद्याच्या थोडे खाली, जोडलेले असते. त्याचे मुख्य काम म्हणजे हात समोर आणणे आणि छातीच्या पुढून आत ओढणे. आपण गाडी ढकलतो, दार लोटतो, जमिनीवरून हातांच्या आधाराने उठतो, तेव्हा हा स्नायू काम करतो. त्याच्याबरोबर खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजूही राबते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. छातीचा व्यायाम म्हणजे ढकलण्याचा व्यायाम. बाकावर उताणे पडून दांडी वर ढकलणे, म्हणजे व्यायामशाळेतला 'बेंच प्रेस', हा एक प्रकार. जमिनीला ढकलून शरीर वर उचलणे, म्हणजे आपला जोर, हा दुसरा प्रकार. स्नायूला लोखंड कळत नाही नि माती कळत नाही. त्याला कळतो तो फक्त भार.

२. स्नायू वाढतो कसा?

स्नायू हा हजारो बारीक तंतूंचा जुडगा आहे. तंतूंवर ताण पडला की शरीरात निरोप जातो, 'इथे काम वाढले आहे, बांधणी वाढवा.' मग पुढचा एक-दोन दिवस शरीर त्या स्नायूत प्रथिने बसवण्याचे काम अधिक वेगाने करते. असे आठवड्यामागून आठवडे घडले की तंतू जाड होतात आणि स्नायू भरतो. म्हणजे वाढ व्यायामाच्या वेळी होत नाही. ती होते नंतर, विश्रांतीत आणि जेवणातून.

आता मुख्य गोष्ट. सगळे तंतू एकाच वेळी कामाला लागत नाहीत. भाताच्या कापणीचे उदाहरण घ्या. शेत लहान असेल तर घरची दोन-तीन माणसे उतरतात. ती दमली, की बांधावर बसलेली बाकीची माणसे विळा घेऊन पुढे होतात. शेत मोठे असेल आणि पाऊस डोक्यावर असेल, तर पहिल्यापासूनच सगळ्यांना हाक मारावी लागते.

स्नायूचेही तसेच आहे. वजन जड असेल तर लहानमोठे जवळजवळ सर्व तंतू पहिल्या उचलीपासूनच कामाला लागतात. वजन हलके असेल तर आधी लहान तंतू काम करतात. ते दमू लागले, की एकेक करून मोठे तंतू मदतीला येतात. अगदी शेवटच्या उचलींच्या वेळी, जेव्हा 'आता एकदाही जमणार नाही' असे वाटते, तेव्हा सगळे कामाला लागलेले असतात. आणि वाढण्याची ताकद अधिक असते ती या मोठ्या तंतूंतच.

म्हणून हलके वजन दहा वेळा उचलून, अजून वीस वेळा जमत असताना खाली ठेवले, तर मोठे तंतू बांधावर बसूनच राहिले असे समजावे. घाम आला, पण त्यांना काम मिळाले नाही. मित्रांचे म्हणणे इथपर्यंत खरे आहे. पण हेच हलके वजन दमेपर्यंत उचलले तर काय होते, ते आता पाहू.

३. 'जडच हवे' हा समज कुठून आला?

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना थॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांनी जड वजनाच्या व्यायामाची पद्धत बसवली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. त्या काळी दुखावलेल्या पायाला अगदी हलका व्यायाम पुष्कळ वेळा देण्याची रीत होती. डीलॉर्म यांनी वजन जड घेतले, उचली कमी ठेवल्या आणि रोगी जसा सुधारेल तसे वजन वाढवत नेले. सैनिक लवकर उभे राहू लागले. पुढे १९४८ साली त्यांनी पद्धत सोपी केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते शोधायचे. पहिल्या खेपेला त्याच्या निम्मे, दुसऱ्या खेपेला पाऊण आणि तिसऱ्या खेपेला पुरे वजन दहा दहा वेळा उचलायचे.

ही पद्धत आजही चांगली आहे. पण तिच्यावरून लोकांनी असा अर्थ काढला, की हलक्या वजनाने स्नायू वाढतच नाही. डीलॉर्म यांचा खरा धडा वेगळा होता. तो असा, की ताकद वाढेल तसा भारही वाढवला पाहिजे.

४. प्रत्यक्ष तपासात काय दिसले?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचा पुष्कळ तपास झाला आहे. त्यातले चार तपास साध्या शब्दांत सांगतो. आधी एक माप समजून घ्या. एखाद्या माणसाला जास्तीत जास्त ६० किलो वजन एकदाच ढकलता येते असे समजा. त्याच्या दृष्टीने ४८ किलो म्हणजे ८० टक्के, हे जड वजन. १८ किलो म्हणजे ३० टक्के, हे हलके वजन. जड आणि हलके हे असे ज्याच्या त्याच्या ताकदीवर ठरते.

पहिला तपास खास छातीचाच आहे. जपानमधील संशोधकांनी २०१३ साली तो प्रसिद्ध केला. नऊ तरुणांनी सहा आठवडे ७५ टक्के वजनाने बेंच प्रेस केला. मग बारा महिने तो व्यायाम बंद ठेवला. त्यानंतर त्याच तरुणांनी सहा आठवडे ३० टक्के वजनाने, पण दमेपर्यंत, तोच व्यायाम केला. छातीचा स्नायू दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच वाढला. मात्र एकदाच जास्तीत जास्त वजन ढकलण्याची ताकद जड वजनाने दुपटीहून अधिक वाढली होती.

दुसरा तपास अमेरिकेतला, २०१५ सालचा. आधीपासून व्यायाम करणाऱ्या अठरा पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने ८ ते १२ उचलींत दम निघेल असे वजन घेतले, दुसऱ्याने २५ ते ३५ उचलींत दम निघेल असे. आठ आठवड्यांनंतर स्नायूंची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली होती. जड वजनवाल्यांची ताकद अधिक वाढली. हलके वजनवाले बेंच प्रेस अधिक वेळा करू शकले, म्हणजे त्यांचा टिकाव वाढला.

तिसरा तपास कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा, २०१६ सालचा. व्यायामात मुरलेल्या ४९ पुरुषांवर तो बारा आठवडे चालला. ८ ते १२ उचलींचा गट आणि २० ते २५ उचलींचा गट, दोघांचे स्नायू सारखेच वाढले. बहुतेक व्यायामांत ताकदही सारखीच वाढली. फक्त बेंच प्रेसमध्ये जड वजनवाले पुढे राहिले.

चौथा तपास २०१८ सालचा. त्याने खालची मर्यादा दाखवली. ८०, ६० आणि ४० टक्के वजनांनी वाढ चांगली झाली. पण २० टक्के वजनाने, दमेपर्यंत उचलूनही, वाढ कमी पडली. हा तपास दंड आणि मांडीच्या स्नायूंचा होता, तरी त्यातला धडा आपल्याला उपयोगी आहे. हलके म्हणजे अगदीच काडीसारखे हलके नव्हे.

५. मग उत्तर काय?

उत्तर असे. छाती भरण्यासाठी वजन जडही चालते, हलकेही चालते. अट एकच. उचल शुद्ध राहील अशा रीतीने, दम निघायच्या जवळ येईपर्यंत काम झाले पाहिजे. आणखी दोन-तीन उचलीच शिल्लक आहेत असे वाटले, की तिथे थांबावे. दर वेळी हात थरथरून खाली पडेपर्यंत जाण्याची गरज नाही.

पण दोन्ही वाटा अगदी सारख्या नाहीत. फरक असा:

ताकद हवी असेल, म्हणजे एकदाच मोठे वजन हलवण्याची शक्ती हवी असेल, तर जड वजनाचा सराव लागतो. कारण त्यात स्नायूबरोबर मज्जातंतूंचीही तालीम होते. ज्या कामाचा सराव, त्याच कामात प्रगती.

जड वजनाने सांध्यांवर भार अधिक येतो. उचल जराशी वाकडी झाली तरी खांद्याला ते महागात पडते. छातीचा स्नायू फाटण्याचे प्रकारही बहुधा जड बेंच प्रेसमध्ये, दांडी खाली आणताना घडतात.

हलक्या वजनाला वेळ अधिक लागतो आणि शेवटी स्नायूत आग होते. पुष्कळ जण त्या आगीला भिऊन अर्ध्यावरच सोडतात आणि मग म्हणतात, 'हलक्या वजनाने काही होत नाही.'

म्हणून नवशिक्याने मधली वाट धरावी. १० ते २० शुद्ध उचलींत दम निघेल असा भार घ्यावा. पाच उचलीही नीट होत नसतील तर भार जास्त आहे. तीस उचलींनंतरही श्वास शांत असेल तर भार फार कमी आहे.

६. आपला जोर हलका समजू नका

आता वडिलांच्या म्हणण्याकडे वळू. तालमीत जोर आणि बैठका हा व्यायामाचा पाया समजला जातो. तालमीतला जोर शरीर खाली झोकून पुढे नेत काढतात. शरीर सरळ फळीसारखे ठेवून खालीवर करणे, ज्याला मुले 'पुश-अप' म्हणतात, तो त्याचा साधा भाऊ. यात हातांवर किती भार येतो, याचे मोजमाप झाले आहे. सरळ जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकले तर सुमारे ४९ टक्के. हात ६० सेंटिमीटर उंच बाकावर ठेवले तर सुमारे ४१ टक्के. उलट हात जमिनीवर आणि पाय तितक्याच उंचीवर ठेवले तर सुमारे ७४ टक्के.

म्हणजे ६० किलोच्या तरुणाला बाकावरच्या जोरात सुमारे २५ किलो, गुडघे टेकून २९ किलो, सरळ जोरात ३८ किलो आणि पाय उंचावून ४४ किलो भार मिळतो. घरच्या घरी, एक पैसाही न खर्चता, चार प्रकारची वजने तयार!

आणि याने छाती वाढते का? याचाही तपास झालेला आहे. जपानमध्ये २०१७ साली अठरा पुरुषांचा एक तपास प्रसिद्ध झाला. एका गटाने हलक्या, म्हणजे ४० टक्के वजनाचा बेंच प्रेस केला. दुसऱ्या गटाने तितकाच भार येईल अशा बेताने जोर काढले. आठवड्यातून दोन दिवस, असे आठ आठवडे. छातीच्या स्नायूची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली, आणि ताकदही.

७. घरी करण्याजोगा बारा आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत. दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा. सुरुवातीला पाच मिनिटे हात आणि खांदे फिरवून अंग मोकळे करा. न थांबता एकामागून एक काढलेल्या जोरांना आपण एक फेरी म्हणू. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटे विश्रांती घ्या.

पहिले दोन आठवडे: हात ओट्यावर किंवा पक्क्या बाकावर ठेवून जोर काढा. फक्त दोन फेऱ्या, आणि दम निघायच्या बऱ्याच आधी थांबा. अंगदुखी होईल, ती दोन-तीन दिवसांत जाते.

तिसरा ते सहावा आठवडा: १० ते २० च्या दरम्यान दम निघेल असा प्रकार निवडा. तीन फेऱ्या काढा.

सातवा ते बारावा आठवडा: तीन ते चार फेऱ्या. तिन्ही फेऱ्यांत २० शुद्ध जोर निघू लागले, की एक पायरी वर चढा. बाकावरून जमिनीवर या. मग पाय पायरीवर ठेवा. त्यानंतर पाठीवरच्या पिशवीत थोडी वाळू भरून घ्या.

शरीर फळीसारखे सरळ ठेवा. कंबर लोंबू देऊ नका. कोपरे अंगापासून काटकोनात बाहेर न नेता थोडी आत ठेवा, खांद्याला आराम पडतो. खाली जाताना सावकाश जा. वर येताना श्वास सोडा.

ज्यांना वजनच हवे, त्यांनी तेलाचे पाच लिटरचे पक्क्या मुठीचे दोन डबे घ्यावेत. पाण्याने भरला तर एक डबा पाच किलोचा होतो, कोरड्या वाळूने भरला तर सुमारे आठ किलोचा. जमिनीवर चटई टाकून उताणे पडा आणि दोन्ही हातांनी डबे वर ढकला. कोपरे जमिनीला टेकतात, त्यामुळे खांदा मागे जास्त ताणला जात नाही.

छातीबरोबर पाठीचा व्यायामही करा. नुसते ढकलण्याचे काम केले आणि ओढण्याचे केले नाही, तर खांदे पुढे झुकतात. विहिरीचे पाणी शेंदणाऱ्याला हा व्यायाम आपोआप मिळतो. इतरांनी वाकून, कंबर सरळ ठेवून, डबा कमरेकडे ओढावा.

शेतकऱ्यासाठी एक सूचना. ज्या दिवशी पन्नास किलोची पोती वाहिली किंवा फवारणीचा पंप दिवसभर पाठीवर होता, त्या दिवशी हा व्यायाम करू नका. थकलेला खांदा लवकर दुखावतो. लावणी-कापणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा केला तरी मिळवलेले बरेचसे टिकते.

८. हे धोके ओळखा

एकट्याने जड बेंच प्रेस कधीही करू नका. दांडी छातीवर किंवा गळ्यावर अडकून माणसे दगावली आहेत. डोक्याशी मदतीला जाणता माणूस उभा हवा. दांडीला अंगठा आणि बोटे दोन्ही बाजूंनी वेढलेली हवीत.

श्वास कोंडून जोर लावू नका. १९८५ साली मॅकमास्टर विद्यापीठाने पाच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब वजन उचलतानाच मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला. विश्रांतीच्या वेळी १२०/८० च्या आसपास दाब चांगला समजतात, हे लक्षात घ्या. तरुण निरोगी माणूस हे सोसतो. पण ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाला हात लावू नये.

दुखणे ओळखायला शिका. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी स्नायू दाबला किंवा हात हलवला की दुखतो, ते साधे दुखणे. सांध्यात टोचणारी कळ, रात्री कुशीवर झोपता न येणे, हात वर न जाणे, हे दुखापतीचे लक्षण. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, श्वास लागणे, असे काही झाले तर 'व्यायामाने दुखत असेल' म्हणून घरी बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

सर्वांत मोठा धोका इंजेक्शनचा. काही ठिकाणी मुलांना झटपट छातीसाठी संप्रेरकांची इंजेक्शने आणि गोळ्या गुपचूप दिल्या जातात. त्यांनी हृदय आणि यकृत बिघडते, अंडकोष आक्रसतात, मूल होण्यात अडचण येते. कित्येकांची छाती पुरुषासारखी भरण्याऐवजी स्तनांसारखी वाढते. पालकांनी याबाबत मुलांशी मोकळेपणाने बोलावे.

९. जेवण आणि झोप

भिंत बांधायला विटा लागतात, स्नायू बांधायला प्रथिने. आपल्या देशातील शिफारशीप्रमाणे साधारण माणसाला रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे ६० किलोच्या तरुणाला सुमारे ९६ ग्रॅम पुरेत.

त्यासाठी महागड्या भुकटीचा डबा लागत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या डाळीत २२ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एक लिटर गाईच्या दुधात सुमारे ३२ ग्रॅम आणि १०० ग्रॅम मासळीत साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. दूध विकून त्याच पैशांत भुकटी आणणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावीत. आणि रात्री सात-आठ तास झोप हवी.

१०. स्त्रिया आणि वडीलधारे

हा धडा फक्त तरुण मुलांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. स्त्रियांनी वजन उचलले म्हणून त्या पुरुषांसारख्या दिसू लागत नाहीत. उलट हाडे बळकट राहतात. वडीलधाऱ्यांना तर हलक्या भाराची वाट म्हणजे मोठीच सोय आहे. भिंतीला हात टेकून काढलेले जोरही त्यांचे बळ राखतात. सांधे दुखावल्याशिवाय स्नायू टिकतो, हा वरच्या तपासांचा सर्वांत मोठा लाभ त्यांचाच आहे.

शेवटी त्या घराविषयी

वडील आणि मुलगा दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. जड वजनाने ताकद वाढते, हे मुलाचे खरे. पण त्याशिवाय छाती वाढत नाही, हे खोटे. जोराने छाती भरते, हे वडिलांचे खरे. पण नुसते जुने तेच आणि तितकेच करत राहिले तर वाढ थांबते, हेही खरे. भार वाढवत नेलाच पाहिजे.

त्या घरात बियाण्याचे पैसे बियाण्यालाच गेले. मुलाने खांदा डॉक्टरांना दाखवला, काही आठवडे विश्रांती घेतली आणि मग ओट्यावर हात टेकून पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. त्याची छाती किती इंच वाढली हे आम्ही विचारले नाही. पण लावणीच्या वेळी तो शेतात उभा होता, आणि संध्याकाळी अंगणात वडील त्याचे जोर मोजत बसले होते.

लक्षात ठेवा

१. छाती भरण्यासाठी जड आणि हलके दोन्ही भार चालतात. दम निघायच्या जवळ जाणे महत्त्वाचे.
२. जास्तीत जास्त ताकदीसाठी जड भार, सांध्यांच्या सोयीसाठी हलका भार, नवशिक्यासाठी मधला भार.
३. ताकद वाढेल तसा भार वाढवा.
४. एकट्याने जड वजन नको, श्वास कोंडणे नको, इंजेक्शन तर मुळीच नको.
५. वाढ होते ती जेवणात आणि झोपेत.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. हलके वजन अर्ध्यावर सोडले तर स्नायू का वाढत नाही? कापणीच्या उदाहरणावरून सांगा.
२. तुमच्या शरीराच्या वजनावरून सरळ जोरात तुमच्या हातांवर किती किलो भार येतो ते काढा.
३. तुमच्या घरच्या रोजच्या जेवणात प्रथिने कशाकशातून मिळतात? ती पुरेशी आहेत का?